न दुखणारा आजार, झोंबणारं औषध

काचबिंदू झालाय म्हणून सांगितलं की निम्मे लोक म्हणतात, "हात्तिच्या, मोतीबिंदू ना? काढून टाका, अर्ध्या तासाचं काम." अहो, मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. मोतीबिंदू काढता येतो, नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरत जाते. मेलेली नस परत येत नाही. हे मी भाजीवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांना सांगून दमले. शेवटी ठरवलं, एकदा लिहूनच काढावं. ज्यांच्या घरात फ्रीजच्या दारात ड्रॉप्सच्या बाटल्या उभ्या आहेत त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी ना नाही.

सुईत दोरा जाईना

मी साड्यांना फॉल लावते. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूच्या चार बिल्डिंगींत लग्नसराई आली की पहिली पिशवी माझ्या दारात येते. मशीनवर नाही, हाताने. वरून टाका दिसला तर ते माझं काम नव्हे.

तर सुईत दोरा जाईना. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. म्हणून घाटकोपरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. तिथे एका मशीनने डोळ्यावर फुस्सकन हवा मारली, मग दुसऱ्या मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, मग थेंब घालून डोळे मिटून बाकावर बसवलं. आम्ही दहाबारा जण ओळीने डोळे मिटून. एक वॉर्डबाई फिरत होती, कुणी डोळा उघडला की ओरडायची, "ओ काका, मिटा ना! पिक्चर नाही लागला इथे."

मग आत बोलावलं. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाची. तिने माझा डावा डोळा झाकला आणि नाकाच्या बाजूने पेन आणत म्हणाली, "मावशी, पेन दिसलं की सांगा."

मी वाट बघतेय. पेन काही येईना. आणि एकदम समोर उगवलं.

"आत्ता दिसलं?"

"आत्ताच आणलंत ना?"

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. पेन केव्हाचं तिथे होतं. उजव्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा गेला होता आणि मला पत्ता नव्हता. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं सांभाळून घेतो. घरात एक सून आजारी पडली की दुसरी गुपचूप दोघींची कामं उरकते, तसं.

"पण मला दुखत नाही काही," मी म्हटलं.

"तेच तर. हा दुखत नाही."

"मग बरा कधी होईल?"

"बरा नाही होणार मावशी. आहे तेवढं टिकवायचं. रोज ड्रॉप्स. कायम."

कायम. सौभाग्यवती भव म्हटल्यासारखं म्हणाली. बाहेर आले तर बाहुल्या मोठ्या झालेल्या, ऊन डोळ्यात घुसतंय, पदर डोक्यावरून ओढून रिक्षात बसले. ह्यांना म्हटलं, "डोळा चाललाय माझा." हे म्हणाले, "चष्मो मिळालो काय?"

थेंब पडलो मा?

आमचे हे मूळचे मालवणकडचे. विक्रोळीच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली. मुंबईत पन्नास वर्षं काढली, पण घरात बोलणं तेच. निवृत्त झाल्यापासून त्यांना भोंगा नव्हता. तो आता मिळाला. रात्री नऊ म्हणजे नऊ, बाटली घेऊन हजर.

"गो, वर बघ. हलू नको."

टप्.

"थेंब पडलो मा?"

"पडला."

"खंय पडलो? गालार पडलो. थांब, आनी एक घालतंय."

असे एकाच्या जागी दोन, कधी तीन. त्यांच्या हाताला मशीनची सवय, नाजूक बाटली दाबायचा अंदाज नाही. मी चिडायचे, ते म्हणायचे, "जास्त पडलो तर काय वायट? औषधच तां." मग तपासणीत दाब पुरेसा उतरला नाही म्हणून दुसरी बाटली वाढली. ती सकाळ-संध्याकाळ.

या औषधाची एक गंमत सांगते. थेंब फक्त उजव्या डोळ्यात, तर त्याच पापणीचे केस लांब आणि काळेभोर झाले. डोळ्याखालची कातडीही काळवंडली. मेघना, म्हणजे माझी सून, म्हणाली, "आई, बायका पार्लरमध्ये जाऊन खोट्या पापण्या लावतात, तुम्हाला फुकटात आल्या." मी म्हटलं, "अगं, पण एकाच डोळ्याला! एका बाजूने हिरॉइन आणि दुसऱ्या बाजूने मी." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, हे होतं, घाबरू नका. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तर कॅन्सर झाला की काय म्हणून आठवडाभर देवाला जागं ठेवलं.

रडलीस का गं?

पापण्यांचं हसण्यावारी नेलं. जळजळ मात्र नाही नेता आली. मिरच्या चिरलेला हात चुकून डोळ्याला लागावा तसं. थेंब पडला की अर्धा तास डोळा उघडायला नको. पुढे पुढे थेंब नसतानाही तेच. पापणीखाली वाळू भरल्यासारखी. सकाळी डोळा चिकटलेला, लालबुंद, पाणी गळतंय.

आणि माणसं! लिफ्टमध्ये, दुधाच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, "काय गं, रडलीस का? घरी सगळं ठीक ना?" 'ठीक ना' म्हणताना आवाज खाली. माझ्या लाल डोळ्यामुळे माझी सून बदनाम झाली. ती बिचारी ऐरोलीला ऑफिसला जाते, आठला घरी येते, माझ्याशी भांडायला तिला वेळ तरी कुठे? एक दिवस वैतागून म्हणाली, "आई, तुम्ही खाली उतरताना गॉगल घाला ना प्लीज. सगळ्या मला खाऊ की गिळू बघतात."

मी गॉगल घातला. तर म्हणे, मार लपवतेय.

डॉक्टरांना सांगितलं नाही असं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "होतं थोडं, सवय होईल." पुढच्या खेपेला दुसरेच डॉक्टर होते, त्यांनी कोरडेपणासाठी तिसरी बाटली दिली. अश्रूंसारखा थेंब म्हणे. तोही झोंबायचा! जळजळ थांबवायचा थेंब जळजळतो, आता बोला. तिसऱ्यांदा मी सांगितलंच नाही. बाहेर एवढी रांग, आत दोन मिनिटं, त्यात तेच रडगाणं कोण गाणार?

खरं सांगते, कितीदा वाटलं, बंद करून टाकावं सगळं. आजार दुखत नाही, औषध दुखतंय, मग मूर्ख कोण? नऊ वाजले की मी झोपेचं सोंग घ्यायचे. हे उभे राहून म्हणायचे, "झोपलंस? बरां." आणि पापणी उचलून तसाच थेंब सोडायचे. कारखान्यात ह्यांनी कसं काम केलं असेल ते मला तेव्हा कळलं.

वाटीतून आलेलं औषध

लग्नसराईत एक मोतिया रंगाची सिल्क आली. नवरीच्या आईची. मी फॉल लावत बसले होते आणि डोळ्यातून पाणी टपकलं. थेट निऱ्यांच्या दर्शनी जागी. सिल्कवर पाण्याचा डाग कसा पडतो ते बायकांना सांगायला नको. ओलं फडकं, इस्त्री, सगळं करून बघितलं. कडा राहिलीच. साडी परत देताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या बाईंनी घडी करून साडी पिशवीत ठेवली. पण त्यांच्या जावेची साडी माझ्याकडे येणार होती, ती आली नाही.

त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची शैला आली. शैला म्हणजे माझ्या सुखदुःखातली. आम्ही एकाच वर्षी या बिल्डिंगीत राहायला आलो. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"काय अवतार केलायस गं डोळ्याचा? थांब, माझ्याकडे उरलाय ड्रॉप. ऑपरेशननंतरचा. लाली कशी चुटकीसरशी जाते बघ."

आमच्या बिल्डिंगीत उरलेलं काही टाकत नाहीत. खरवस असो की खोकल्याचं औषध, ते कुणाच्या तरी घरी जातं. शैलाने ती बाटली स्टीलच्या वाटीत घालून, वर झाकणी ठेवून पाठवली, नारळाच्या वडीसारखी. आणि वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून मी तिला त्यातून तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं पाठवलं. औषधाची देवघेव झाली असं दोघींपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. शेजारधर्म झाला.

आणि काय सांगू, जादू! चार दिवसांत डोळा पांढराशुभ्र. जळजळ गेली. लिफ्टमधल्या बायका गप्प. मेघनाची बदनामी थांबली. माझी सुई सरसर चालू लागली. मी शैलाला म्हटलं, "डॉक्टरांपेक्षा तू बरी." बाटली संपल्यावर हे केमिस्टकडे रिकामी दाखवून दुसरी घेऊन आले. त्यानेही काही विचारलं नाही.

डबा उघडला

दोनअडीच महिन्यांनी तपासणी. मी ऐटीत गेले. डोळा बघा म्हटलं कसा छान झालाय. डॉक्टरीणबाईने, पहिलीच ती, दाब मोजला. परत मोजला. मग मशीन पुसून तिसऱ्यांदा मोजला.

"मावशी, दाब खूप वाढलाय. पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. ड्रॉप्स चुकवता का?"

"कधीच नाही चुकवत ती," हे मागून म्हणाले. डॉक्टरांपुढे हे शुद्ध बोलतात. "मी स्वतः घालतो. टायमावर."

"असाच राहिला तर ऑपरेशन करावं लागेल. नस आधीच कमजोर आहे. आणखी काही टाकता का डोळ्यात?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलत नव्हते हो. त्या क्षणी शैलाची वाटी मला औषध म्हणून आठवलीच नाही.

पण ह्यांची शिस्त. ते सगळ्या बाटल्या आपल्या जुन्या जेवणाच्या डब्यात घालून हॉस्पिटलात आणतात. त्यांनी डबा उघडून टेबलावर एकेक मांडली, प्रदर्शनात मांडावी तशी. चौथी बाटली बघून डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला.

"हा कुणी दिला?"

"शेजारीण," हे म्हणाले. "फार गुण आला त्याने."

"काका, हा स्टेरॉइड आहे. लाली जाते, बरं वाटतं, पण डोळ्यातला दाब वाढवतो. त्यांना ऑपरेशननंतर थोडे दिवस ठीक. मावशींना काचबिंदू आहे! वरून डोळा पांढरा झाला आणि आतून नस दाबली जात होती." मग माझ्याकडे वळून जरा चढ्या आवाजात, "असं कसं कुणाचंही टाकता तुम्ही?"

तिथे माझं डोकं सरकलं.

"टाकलं, कारण जळत होतं! तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात सवय होईल. दुसऱ्यांना सांगितलं तर त्यांनी अजून एक बाटली दिली, तीपण झोंबणारी. माझा डोळा रोज जळत होता, मावशीच्या साडीवर डाग पडला, सुनेला लोक बोलले. तुमच्या कागदावर ते कुठे लिहायचं? शैलाने विचारलं तरी, काय झालं गं म्हणून!"

मावशीची साडी कसली, कुणाची मावशी, रागात काय बोलले माझं मलाच कळलं नाही. बाहेरच्या बाकावरच्यांनी डोळे उघडले असणार. वॉर्डबाईसुद्धा ओरडली नाही.

डॉक्टरीणबाईने मशीन पुढे ओढलं. मग म्हणाली, "हनुवटी टेकवा." पिवळा रंग लावलेली पट्टी पापणीत टेकवली, निळा उजेड लावला आणि या वेळी खूप वेळ बघत राहिली.

"मावशी, बुबुळाच्या वरचं पातळ आवरण सोललंय. सगळीकडे बारीक बारीक ठिपके आहेत. हे काचबिंदूमुळे नाही, ड्रॉप्समुळे."

"म्हणजे औषध चुकीचं दिलं?"

"औषध बरोबर आहे. पण बाटली उघडल्यावर महिनाभर खराब होऊ नये म्हणून त्यात एक द्रव्य घालतात. काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही. तुमच्या तिन्ही बाटल्यांत ते आहे, आणि एकावर एक थेंब पडतायत."

मला लगेच कळलं. लोणचं टिकावं म्हणून मीठ घालतात. चवीपुरतं खाल्लं तर ठीक. मी रोज बरणी तोंडाला लावत होते.

"हे मला आधी बघायला हवं होतं," ती म्हणाली. एवढंच, हळू आवाजात. मला वाटलं होतं, डॉक्टर असं म्हणाले की बरं वाटेल. नाही वाटलं. डोळा माझा होता.

छोट्या कुप्या

चौथी बाटली बंद. दोन औषधांचं मिळून एकच, तेही बिनमिठाचं. एकेका वेळेपुरत्या प्लास्टिकच्या इवल्याशा कुप्या, डोकं पिळून उघडायच्या, वापरून टाकायच्या. त्या मिळवायला मुलुंडची सगळी दुकानं पालथी घातली. जो तो म्हणे, "आजी, बाटली घ्या, सेम आहे." सेम नाही रे बाबा! शेवटी मेघनाने फोनवरून मागवल्या. पहिली पेटी आली ती तिने स्वतः उघडून कुपीवरचं बारीक नाव चिठ्ठीशी ताडून बघितलं. म्हणाली, "आता आपल्या घरात उधारीचं काही नाही."

कुपी ह्यांच्या जाड बोटांना पिळता येईना. पिळली तर सगळं औषध शर्टावर. मग मीच शिकले. आडवं व्हायचं, खालची पापणी खाली ओढली की खिसा होतो, त्यात एक थेंब. एकच. डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. दुसरं औषध असेल तर मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. हे मला एका वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस कपाळ, कान, उशी, सगळ्यांना औषध मिळालं. हे खुर्चीत बसून बघायचे. नऊ वाजले की उठायचे, मग आठवण झाली की परत बसायचे. मला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

शैलाला सांगणं जास्त कठीण गेलं. ती रडलीच. "मी तुझं वाईट चिंतीन का गं?"

"नाही गं बाई. माहीत आहे मला."

"मग डॉक्टरांनी माझं नाव कशाला काढलं?"

"तुझं नाव कुणी काढलं नाही. बाटलीचं काढलं."

महिनाभर ती खाली दिसली की मानेनेच हो-नाही करायची. मग एकदा आली आणि एकदम म्हणाली, "माझ्याकडे गुडघ्याच्या गोळ्या उरल्यात, त्या कचऱ्यात टाकल्या. बघून ये हवं तर." मी बघायला गेले नाही. चहा केला.

आहे तेवढंच

दाब उतरत गेला. पण मधल्या त्या दोनअडीच महिन्यांत, डोळा पांढराशुभ्र होता तेव्हा, आत किती गेलं? हा प्रश्न कुणाला विचारला की उत्तर यायचं, "नजरेची तपासणी करू, मग कळेल." तोवर मी काय करायचे, तर डावा डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे. आज कोपरा दिसतोय का, काल दिसत होता का. मेघनाने एकदा हात धरून खाली घेतला.

तपासणीत एका पांढऱ्या गोळ्यात तोंड घालून बसायचं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला उजेडाचा बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकत नाही, तेव्हा जीव जातो. खरंच काही चमकलं नाही, की चमकलं आणि आपल्याला दिसलं नाही? मी दोनदा भीतीने उगाच बटण दाबलं. मशीनला तेही कळतं म्हणे.

डॉक्टरीणबाईने दोन कागद शेजारी ठेवले. जुन्यावर कोपऱ्यात काळा डाग, नव्यावरही.

"मोठा झालाय?" मी नव्या डागावर बोट ठेवलं.

तिने बराच वेळ बघितलं. "नाही मावशी. आहे तेवढाच आहे."

"म्हणजे कमी पण नाही झाला."

"तो कमी होत नाही. या आजारात याहून चांगली बातमी नसते."

वर्षभर जळले, साडी गेली, मैत्रीण जाता जाता राहिली, आणि बक्षीस काय, तर काही बदललं नाही! मला हसावं की त्या टेबलावर डोकं आपटावं कळेना. "आणि हे ड्रॉप्स कधीपर्यंत?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"डोळे आहेत तोपर्यंत."

त्या रात्री कुपी पिळली, आडवी झाले, पापणी ओढली. थेंब नेमका आत पडला. मी डोळा घट्ट मिटला, दात आवळले, पायाची बोटं आखडली.

"झोंबलो?" हे खुर्चीतून म्हणाले.

"नाही."

"मगे तोंड कित्याक वाकडां केलंस?"

"अहो, तोंड वाकडं करणं अंगवळणी पडलंय," मी म्हटलं. "जाईल हळूहळू."

ते उठले, दिवा मालवला, आणि अंधारात म्हणाले, "नाकाकडे दाबून धर. सोडू नको लगेच."

दाबून धरलं.